मधल्या खोलीतला वारा बाहेर नेण्याबाबत

मी, रुपीबाई धावजी राठोड, वय साठीच्या पुढे, राहणार तांडा, फुलसावंगी, डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्या धाकानं नाही, आपल्या खुशीनं, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहून ठेवते. इथपर्यंत देवराव मास्तरांनी सांगितलं तसं लिहिलं. पुढचं माझं. अक्षरं मी म्हातारपणी साक्षरता वर्गात शिकले, ओळ वर-खाली झाली तर कोर्टानं हसू नये.

पहिलं घर. ते माझ्या नावावर आहे, ते मी माझी सून गंगी किसनसिंग हिला देते. मुलाला नाही. किसनसिंग माझा एकुलता एक, गुणाचा आहे, पण भित्रा आहे. वावर आणि बैलजोडी त्याची, भिंती गंगीच्या. काहून ते सांगते.

हे घर माझ्या मालकानं बांधलं. धावजी. नाव तोंडानं कधी घेतलं नाही, कागदावर लिहायला मजा वाटते. त्याचं तरणेपण बैलांच्या पाठीवर मीठ वाहण्यात गेलं, उघड्यावर झोपणारा माणूस. रहमत मिस्त्री भिंत वरपर्यंत न्यायला लागला तर हा म्हणे, "बस कर भाई, एक वीत सोड. मले बैल ऐकू आले पाह्यजेत." आणि रहमतनं सोडली! मिस्त्री असून! तेव्हापासून मधल्या खोलीत उत्तरेच्या भिंतीवर, छपराच्या कवेलूंच्या खाली, वीतभर फट आहे, आणि चुलीच्या खोलीला साधं भोकही नाही. एकीत माणूस भाजतो, दुसरीत गारठतो. यावर आम्ही जन्मभर भांडलो. मरताना तो पोराला सांगून गेला, वारा अडवू नको.

तो गेला, थंडी नाही गेली. बाहेर लू चालते तेव्हाही माझ्या बाजेच्या पायथ्याशी गार असतं. एकदा मी चिमणी पेटवून भिंतीभिंतीनं फिरवली, वारा कुठून घुसतो ते पाहायला. फटीपाशी ज्योत वाकली. दाराच्या चौकटीपाशी वाकली. आणि बाजेच्या पायथ्याशी वाकली. तिथं भिंतच नाही तर भोक कुठलं! कोणी हळू फुंकर घालावी तशी माझ्याकडे वाकली. मी म्हटलं, "आला का?" भ्या वाटलं नाही. बरं वाटलं, खोटं कायले लिहू.

पण मागच्या पौषात गंगीचं लेकरू त्याच खोलीत छाती भरून गेलं. आता दसऱ्याला पोरगी झाली, नाव सुखी. काय सांगू, नाक माझं आणि ओरडणं आजोबाचं! तिच्याकडे पाहून हसून हसून माझे गाल दुखतात. नणंद रामीबाई बघायला आली आणि "पोरगीच काय" म्हणाली, तिला माझ्यातलं काहीही मिळू नये. ती माझ्या जाड गोधडीवर डोळा ठेवून आहे. गोधडी सुखीची. हा पौष सुखीनं काढलाच पाहिजे.

फट बुजव म्हटलं की किसनसिंग रडकुंडीला येतो. "याडी, फट बुजवली तर बा कुठून येईल?"

गंगी चुलीपाशी होती, तिथूनच बोलली, "आन् पोरगी गेली तर ती कुठून येईल?"

मी गेल्यावर त्यानं फट पुन्हा उघडू नये, म्हणून भिंती गंगीच्या. म्हणून हा कागद.

सोमवारी रहमत मिस्त्री येईल. म्हातारा झाला, पण फट त्यानं सोडली, त्यानंच भरावी. माती, भुसा, शेण कालवून वरपर्यंत. चौकटीच्या सांदीत चिंध्या कोंबून वरून लिंपावं. कवेलूंखाली बांबूचा तट्टा ताणावा. मधली भिंत वरून हातभर उघडावी म्हणजे चुलीची ऊब पोरीपर्यंत जाईल, आणि धुराला चुलीवर झरोका पाडावा. रहमतला धावजीच्या बैलांची घुंगरमाळ द्यावी. आता माझा त्याच्यावर राग नाही. थोडा आहे.

पायथ्याच्या थंडीला मात्र माती लागत नाही. धावजी माझ्या पायांपाशी येतो, मी जिथं तो तिथं. म्हणून सोमवारपासून माझी बाज अंगणात, गोठ्याच्या कडेला. पौष असो की माघ, मी तिथंच निजणार. गंगीनं पाय धरले. किसनसिंग म्हणाला, "लोकं म्हनतील, मायले बाहेर फेकली." मी म्हटलं, "म्हणून तर लिहून राह्यली, बाबू." मला कोणीही घराबाहेर काढलेलं नाही. थंडीनं माझं काही झालं तर दोष कोणाचा नाही. तांडा बोलला तर हे सगळ्यांसमोर वाचावं.

मी गेल्यावरही बाज तिथंच राहू द्यावी, तिच्यावर कोणी झोपू नये. रात्री अंगणात आम्हा दोघांचं भांडण ऐकू आलं तर ऐकावं, हसावं. दार उघडू नये. पोरीला वारा लागेल.

हे सगळं मी वाचून पाहिलं, बरोबर आहे. अंगठा नाही, सही करते.

रुपीबाई धावजी राठोड

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
देवराव मास्तर, प्राथमिक शाळा
नेमसिंग भीमसिंग जाधव, तांड्याचा नाईक

मुक्काम तांडा, फुलसावंगी, तालुका पुसद, जिल्हा यवतमाळ
गुरुवार, १६ नोव्हेंबर १९६१