संध्याकाळी बघून निवडलेलं गाव

बा, या जानेवारीत मी बर्फ बघून आलो. तू असतास तर पहिल्यांदा विचारलं असतंस की तिथं जनावरं काय खातात, आणि मला उत्तर देता आलं असतं, कारण तेवढं मी तिथं विचारूनच आलो आहे. उन्हाळ्यात गवत कापून गोठ्याच्या माळ्यावर भरून ठेवतात आणि गायी पाच महिने आतच बांधून असतात. घरात आपण आपल्या तांड्याच्या बोलीत बोलायचो. ती मला लिहिता येत नाही, म्हणून हे मराठीत लिहितो आहे, तू बाजारात बोलायचास त्या भाषेत. तुला वाचता येत नव्हतं आणि तुला जाऊन आता बावीस वर्षं झाली, तरी हे तुलाच सांगण्यासारखं आहे. दुसरं कुणी ऐकलं तर म्हणेल, माणूस परदेशात सहल करून आला आणि बैलांच्या गोष्टी सांगतो.

तुझी नात, जी तुझ्या मिशा ओढायची, ती आता जर्मनीत एका दवाखान्यात नर्स आहे. मागच्या दिवाळीच्या आधी तिचा फोन आला. मी दुकानात होतो. कनेरगाव नाक्यावर माझं पेंडीचं दुकान आहे, सरकी, ढेप, भुसा, सगळं ठेवतो. ती म्हणाली, "बाबा, यंदा तुमी दोघं या. शेजारच्या ऑस्ट्रियात बर्फाच्या एखाद्या गावात आठ दिवस राहू. घसरायला शिकू. गाव तुमीच निवडा." मी म्हणालो, "मी? मला काय कळतं त्यातलं?" तर म्हणाली, "मलाबी न्हाई कळत. तुमी निवडा." फोन ठेवल्यावर गिऱ्हाईक समोर उभं होतं आणि मी त्याला दोनदा विचारलं, काय पाहिजे. कारण चार वर्षांत तिनं मला काहीही निवडायला सांगितलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी मी तिच्यासाठी नवरा निवडला होता. ते लग्न दहा महिने टिकलं. मग ती परत आली, एक शब्दही वावगा बोलली नाही, जर्मन भाषेचा क्लास लावला आणि निघून गेली. तेव्हापासून ती मला तब्येत विचारायची, पाऊस विचारायची, पण सल्ला कधी विचारला नाही. पुढचं सगळं त्या एका वाक्यामुळं झालं. तिनं मला पुन्हा निवडायला सांगितलं होतं आणि या वेळी मला चुकायचं नव्हतं.

मला वसमतच्या बाजारातला तो दिवस आठवला. मी अकरा वर्षांचा असेन. कुणीतरी शेतकरी बैल पारखायला तुला घेऊन गेला होता, लोक न्यायचेच तुला, आणि मी हट्ट करून सोबत आलो होतो. सकाळी सकाळी एक पांढरा बैल दिसतो. शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरं, अंगावर हात फिरवला तर हात घसरावा असा. मी म्हणतो, बा, हाच घे. तू खाली बसतोस, तंबाखू मळतोस. दुपार होते. मला भूक लागते, मी पुन्हा म्हणतो, बा, घे ना, दुसरा कुणी नेईल. तेव्हा तू माझा दंड धरलास आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "त्याला धुतलंय आता. सांजच्याला बघू, थकल्यावर. तोवर तोंड बंद." मला फार लाज वाटली होती. मग तू उठलास तो मालकाकडे गेला नाहीस, कडब्याची पेंढी विकणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेलास, आणि त्याला विचारलंस की हा बैल किती बाजार फिरतोय. म्हातारा म्हणाला, "चवथा." संध्याकाळी बैल पाण्यावर नेला तेव्हा तो मागचा पाय हळूच टेकवत होता. आपण त्या शेतकऱ्यासाठी दुसरा, मातकट रंगाचा बैल घेऊन आलो. येताना तू मला भजी घेऊन दिलीस, पण दुपारच्या बोलण्याबद्दल काही बोलला नाहीस.

तर मी गाव तसंच निवडायचं ठरवलं. लेकीनं पाच गावांची नावं पाठवली. त्यांतलं एक फार प्रसिद्ध, फोटो असे की बघत राहावं. पण फोटो म्हणजे धुतलेला बैल, एवढं मला कळत होतं. मग तिनंच सांगितलं की तिथल्या डोंगरांवर कॅमेरे लावलेले असतात, डोंगर आत्ता कसा दिसतो ते कुणालाही मोबाइलवर बघता येतं. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजले की तिकडे दुपारचे चार वाजलेले असतात, माणसं डोंगरावरून खाली यायला लागतात. दुकान बंद करून जेवायला बसलो की मी मोबाइल तांब्याला टेकवून ठेवायचो आणि रोज पाची डोंगर बघायचो. पुढं डिसेंबर लागला तेव्हा कळायला लागलं. प्रसिद्ध गाव खाली, कमी उंचीवर होतं. सकाळी पांढरं दिसायचं, पण चार वाजेपर्यंत खालच्या उतारावर चिखल उघडा पडायचा आणि लोक पायाला बांधून घसरायच्या लांब पट्ट्या खांद्यावर घेऊन चालत यायचे. दुसऱ्या एका गावात तारेवरून वर जायच्या पाळण्यापुढं रांग हटत नव्हती. एक लहानसं गाव मात्र दरीच्या वरच्या टोकाला होतं, त्याचा उतार उत्तरेकडे तोंड करून होता, त्यामुळं ऊन बर्फाला खात नव्हतं. तिथं चार वाजताही घरांच्या दारापर्यंत पांढरं असायचं, आणि पाय न सावरणारी, पडणारी, उठणारी माणसं दिसायची. शिकणाऱ्याला जागा होती. बायको म्हणाली, "पोरीनं गाव निवडा म्हणलं. तुमी तिथली पाटीलकी घ्यायला निघालात."

मी लेकीला म्हणालो, हॉटेलवाल्याला विचारू नको, तो त्याचंच सांगणार. तिथं पाव भाजणाऱ्याचं दुकान असेल, त्याला फोन कर. ती हसली. "बाबा, तुमी बैल घेऊन राहिले का?" मी म्हणालो, "व्हय." आणि मग वसमतची ती सगळी गोष्ट तिला सांगितली. तिनं फोन केला. पावाच्या दुकानातल्या बाईनं सांगितलं की शिकणाऱ्यांसाठी दोन उतार आहेत, खालचा दुपारनंतर काचेसारखा कडक होतो, वरच्यावर जा. आणि फेब्रुवारीत तिकडच्या शाळांना सुट्ट्या लागल्या की पाय ठेवायला जागा नसते, म्हणून जानेवारीतच या. एवढं ऐकल्यावर मी म्हणालो, हेच गाव.

तिथं पहिल्या सकाळी मी बर्फावर लगेच पाय ठेवला नाही. आधी वाकून हात लावला आणि तो कपाळाला लावला. लेक थांबली. खोलीत निखारे पेटवायला बंदी, धूर झाला की घंटा वाजते, म्हणून एरवी निखाऱ्यावर द्यायचा देवाचा भोग मी बशीत ठेवला, गूळ आणि तूप, खिडकीत, डोंगराकडे तोंड करून. बूट आणि पट्ट्या भाड्यानं घेतल्या, बूट तीनदा बदलून घेतले, कारण नडगीला घट्ट आणि बोटांना मोकळा असा बूट हवा असतो आणि ते घालून उभं राहिल्याशिवाय कळत नाही. शिकवायला साठीची एक बाई होती. पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आण, मागची लांब ठेव, म्हणजे थांबतोस, असं ती हातानं दाखवायची. मी थांबत नव्हतो. बायको बाकावर बसून पडणं मोजत होती, मोठ्यानं. दुसऱ्या दिवशी मला एकाएकी तुझी बैलगाडी आठवली. भरली गाडी उतारावर तू कधी सरळ सोडली नाहीस. आडवी घ्यायचास, मग वळवून पुन्हा आडवी, बैलांना म्हणायचास, दमानं. मी तसं केलं. आडवा गेलो, वळलो, पुन्हा आडवा गेलो, आणि खाली येऊन उभा राहिलो. बाई टाळ्या वाजवत होती. बायको म्हणाली, "आकरावर थांबले."

आम्ही सकाळी लवकर जायचो, रात्रीतून यंत्रानं सारखा केलेला बर्फ तेव्हा चांगला असतो. दुपारी उतरायचो. चौथा दिवस नुसता चालण्यासाठी ठेवला, कारण पाय भरून आले होते, आणि ती बाई म्हणाली होती की माणसं पडून मोडतात ती बहुतेक शेवटच्या, हौसेनं मारलेल्या फेरीत. त्या दिवशी बायको खोलीत झोपली होती. आम्ही बापलेक गावाबाहेरच्या बाकावर बसलो. समोर उतार, माणसं घरी चाललेली. लेक म्हणाली, "बाबा, तुमाला एक सांगायचं हाय. माझ्यासोबत ड्यूटीला एक जण हाय. केरळचा. उद्या दिवसभर काम करून रेल्वेनं इथं जेवायला येणार हाय. थकून येईल. म्हणूनच संध्याकाळी बोलावलंय. तुमी बघा त्याला."

बा, तेव्हा मला गप्प बसता आलं असतं. पण जिनं मला तुझा नियम असा परत आणून दिला तिच्यापुढं गप्प बसवेना. मी म्हणालो, "पोरी, मी तेव्हाबी संध्याकाळी बघितलं व्हतं." आणि सांगितलं. लग्नाला पंधरा दिवस राहिले होते, पत्रिका वाटून झाल्या होत्या. मी हळदीच्या बाजाराला वसमतला गेलो होतो, परतताना सहज तिच्या होणाऱ्या नवऱ्याच्या आडतीवर वळलो. दिवस कलला होता. आत एक म्हातारा हमाल उभा होता, त्याच्या हातून पोतं फुटलं होतं, आणि तो मुलगा त्याला म्हणत होता, सगळी हळद वेचल्याशिवाय पाणी प्यायचं नाही. म्हातारा खाली बसून एकेक हळकुंड वेचत होता. मुलानं मला पाहिलं नव्हतं. मी तसाच मागं फिरलो आणि बस पकडली. मला तुझं सगळं आठवत होतं, बा. विसरलो नव्हतो. लोक काय म्हणतील याचं भ्यालो. घरी येऊन फक्त बायकोला सांगितलं, आणि तिलाही म्हणालो, कामाच्या गडबडीत होतं असं.

लेकीनं बाकावरचा बर्फ हातानं खाली लोटला. मग म्हणाली, "मला माहीत हाय. आईनं दोन वर्षांमागं सांगितलं."

मी म्हणालो, "मग काहून मला गाव निवडायला लावलंस?"

"तुमी परत घाई करता का ते बघायचं व्हतं." ती हातमोज्यावरचा बर्फ झटकत होती. "तीन महिने लावले तुमी. पाव भाजणारीला फोन करायला लावला." आणि ती हसली, पण तिचे डोळे भरले होते. माझेही. थंडीनं भरतात तिथं डोळे, असं आम्ही दोघांनी मानलं. मी तिला म्हणालो, माझं चुकलं. ती म्हणाली, चला, आई उठली असेल.

दुसऱ्या दिवशी तो आला, गाडी उशिरा सुटल्यामुळं तासभर उशिरा. दारात बूट काढले. तिथं माझ्या बायकोचे बूट पडलेले होते, आतून ओले. त्यानं इकडं तिकडं बघितलं, जुनं वर्तमानपत्र घेतलं, त्याचे बोळे करून तिच्या बुटांत भरले आणि ते हीटरजवळ उभे केले, सकाळपर्यंत वाळावेत म्हणून. मग आपले. त्याला वाटलं कुणी बघत नाही. जेवताना हिंदीत बोललो, त्याची हिंदी माझ्याहून वाईट. बायकोनं ठेचा वाढला तर त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यानं आणखी मागितला. जेवता जेवता दोनदा पेंगला. मी त्याला जास्त काही विचारलं नाही.

निघायच्या दिवशी स्टेशनवर लेकीनं विचारलं, "मग बाबा?" मी म्हणालो, "एका संध्याकाळीत काय कळतं. अजून दोन-तीन बघू दे." ती म्हणाली, "बराबर हाय. मग उन्हाळ्यात परत या." बायकोनं माझ्याकडे बघितलं. तिला कळलं असावं.

हे मी कुठं पाठवणार नाही, म्हणून इथं लिहायला हरकत नाही. बा, एकच संध्याकाळ पुरली होती. तिचं बोलावणं पुन्हा यावं, एवढ्यासाठी मी दोन-तीन म्हणालो.