स्लॅबच्या घरातले निखारे

आई, बाबांनी परवा नव्या घरात निखारे पेटवले. खिडक्या लावून, दार ओढून. मी दुपारी पोलादपूरला एसटीतून उतरून वर वाडीत पोचले, तर ते भिंतीला टेकून बसलेले, डोकं गरगरतंय म्हणत होते, आणि समोर घमेल्यात लालभडक निखारे. वर दोरीवर त्यांचे सदरे आणि गोधडी. मी खिडक्या सरकवल्या, घमेलं फडक्याने धरून बाहेर नेलं आणि मग तोंडाला येईल ते बोलले. तू असतीस तर मलाच दटावलं असतंस. ते आपले शांत. "गोधडी वली हाय गो. सुकतच नाय. मी काय करू?"

तुला हे घर ठाऊक नाही. तू गेलीस तेव्हा धाकटा शाळेत होता. तुझ्या कुशीत झोपायचा तो, त्यामुळे तुझा खोकला आम्हा सगळ्यांपेक्षा त्यानेच जास्त ऐकला. चुलीपुढे बसलीस की पदर तोंडावर, डोळ्यांना धार, आणि तरी "भाकरी खाऊन घे गो, गार होतेय" हे चालूच. मुंबईत जरा स्थिरावल्यावर त्याने पहिली गोष्ट केली ती ही. कौलं उतरवली, पडवी काढली, तिथल्या फ्लॅटसारखं घर बांधलं. गवंड्याला फोनवरून बजावायचा, धुराला जागाच ठेवायची नाही. गॅस, फरशी, सरकत्या काचा. वास्तुशांतीला मी ओट्यावरून हात फिरवला आणि तुझ्या आठवणीने रडले. किती शहाणा निघाला गं तुझा लेक, असं वाटलं मला तेव्हा.

आणि मग पावसाळा लागला. भिंतींना घाम फुटतो, कोपऱ्यांत काळी बुरशी चढते, पिठाचे गोळे होतात. तुझ्या वेळी लाकडं, बियाणं, गोधड्या, सगळं चुलीवरच्या माळ्यावर सुकायचं आणि धूर कौलांतून निघून जायचा. निघून जायचा म्हणजे आधी तुझ्या छातीतून जायचा, ते मी विसरले नाही. पण आता बाबा तसंच खोकतात. अगदी तुझ्यासारखंच. पलीकडच्या खोलीतून ऐकलं की मला क्षणभर तूच आहेस असं वाटतं, आणि नको नको होतं.

महाडच्या डॉक्टरांनी छाती तपासली, औषध दिलं, म्हणाले, घरात हवा खेळती ठेवा. ठेवायची कशी? स्लॅब भिंतीपाशीच संपतो, पुढे वळचणच नाही. काच उघडली की पाऊस थेट अंथरुणावर. माझ्याकडे चला म्हटलं तर "गुरांकडं कोन बगल?" धाकट्याला फोन केला. आधी म्हणाला, वर पत्र्याची शेड घालू, एक्झॉस्ट लावू. मग म्हणाला, "ताई, मी आईसाठीच बांधलं ना गं ते?" त्याचं चुकलं म्हणायला माझी जीभ रेटेना.

परवा शेवटी मीच ते घमेलं पुन्हा आत आणलं. बाबा कुडकुडत होते. खिडकी सताड उघडली आणि पाऊस आत येऊ नये म्हणून छत्री उघडून तिथे उभी राहिले. बाबा हसले, "असा नोकर मुंबईत पण भेटायचा नाय." गोधडी जरा ऊबदार झाली तशी ते झोपले. हात भरून आला होता, पण छत्री मिटवली नाही. शेवटची एसटी गाठायची वेळ झाली तेव्हा निखाऱ्यांवर पाणी ओतलं, खिडकी लावली आणि कट्ट्यावरची काडेपेटी गुपचूप पिशवीत टाकली.

काल देवापुढे दिवा लावायला तीच काढली. एक काडी पेटेल तर शपथ, सगळी सादळलेली. बाबांनी किती काड्या ओढल्या असतील कोण जाणे. आज सकाळी फोन केला तर म्हणाले, "शेजारून आनली दुसरी." ओरडायला हवं होतं मी. "खिडकी तरी उघडी ठेवा," एवढंच म्हणाले.

"पाऊस येतो गो आत."

मी "बरं" म्हटलं, आई. बरं म्हटलं आणि फोन ठेवला.