सहाव्या गाण्यातले सात घाव

मंगळवार, ३ तारीख

कालच्या नोंदीत एक चूक आहे, ती आधी दुरुस्त करते. माझ्या आधीची मुलगी लग्न ठरलं म्हणून नोकरी सोडून गेली, असं मी लिहिलं. तसं मला कुणीही सांगितलेलं नाही. प्रेसवरच्या मावशी एवढंच म्हणाल्या की ती एका दुपारी डबा अर्धा टाकून निघून गेली आणि परत आली नाही. लग्नाचं मीच मनाने जोडलं. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, मला बाराव्या वर्षापर्यंत घरीच शिकवलं, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. त्यांचा नियम एकच: कानांनी ऐकलं, डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं, आणि दुरुस्ती केली तर खाली सही करायची. म्हणून ही सही.

बाकी सगळं इतकं छान आहे की मलाच लाजल्यासारखं होतंय. ग्रामोफोनच्या तबकड्या अजून कुठे छापतात हेच मला माहीत नव्हतं, आणि आता त्या ऐकण्याचा मला पगार देणार! खालच्या हॉलमध्ये मावशी तापलेल्या प्लॅस्टिकचा गोळा दोन साच्यांमध्ये ठेवून दाबतात, पुरीएवढ्या गोळ्याची तबकडी होते. पाकिटं कापणाऱ्या उंच माणसाला सगळे लंबू म्हणतात. त्याने माझ्या कानांकडे बघून विचारलं की यांचा विमा काढला का. वर माझी काचेची खोली. नमुन्याची तबकडी ऐकायची आणि प्रत्येक गाण्याचं एक पत्रक भरायचं: कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला खोट आहे, तिचा आवाज कसा. काही नसेल तर 'निर्दोष'.

गुरुवार, ५ तारीख

पहिली तबकडी मिळाली. सहा गाणी. रॉक म्हणावं तर मध्येच लग्नाच्या वरातीतल्यासारखा बँड घुसतो, त्यावर कुणीतरी अंगाई म्हणतं, मग करवत, गिरणीचा भोंगा, आणि त्या सगळ्याच्या खालून ढोल. कानाला त्रास होतो आणि तरी हेडफोन काढवत नाही. साहेब म्हणाले, वाजवणारे कोण ते त्यांनाही ठाऊक नाही, साचा टपालाने आला. लंबूच्या मते भांड्यांचं कपाट जिन्यावरून ढकललं की एवढं संगीत फुकटात होतं.

पहिल्या गाण्यात ४ मिनिटं १० सेकंदांना खोट सापडली. तिला काय म्हणावं यावर पाऊण तास घालवला. शेवटी लिहिलं: 'ओलं काहीतरी कापल्याचा आवाज.' पत्रक देऊन टाकलं.

शुक्रवार, ६ तारीख

लंबूचा अंगठा कटरखाली आला. पेरापासून तुटला. पाकिटांच्या गठ्ठ्यावर इतकं रक्त की वरची शंभर पाकिटं टाकावी लागली. तो ओरडला नाही, अंगठा शोधत राहिला.

मी दुसरं गाणं ऐकलं. २ मिनिटं ३३ सेकंद: 'वाळकं लाकूड मोडल्यासारखा.' अक्षर नीट आलं.

सोमवार, ९ तारीख

साहेब जिन्यावरून पडले. नडगीचं हाड पँट फाडून बाहेर आलं. मी वरून पाहिलं. तो आवाज मला पाठ होता.

योगायोग असणार. अण्णा म्हणतात दोन गोष्टींवरून नियम काढू नये. तिसरं पत्रक भरलं. ५ मिनिटं ०२ सेकंद: 'वाफ सुटल्याचा, मागे बाईचा आवाज.' ऐकलं ते लिहिलं.

मंगळवार, १० तारीख

प्रेसची नळी फुटली. मावशींचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. त्वचा बाहीबरोबरच उतरली. मी ऐकलं ते लिहिलं. फक्त ऐकलं ते.

गुरुवार, १२ तारीख

मावशी पट्टी बांधून कामावर आल्या. मी त्यांच्याजवळ रडले, सगळं सांगितलं. त्यांनी दुसऱ्या हाताने माझं डोकं जवळ घेतलं आणि म्हणाल्या, पोरी, तुझा काय दोष, तू तर बसून ऐकतेस.

मग जुनी फाइल काढून दिली. हाच साचा मागच्या वर्षीही आला होता. माझ्या आधीच्या त्या मुलीची पाच पत्रकं आहेत. पाचांवर 'निर्दोष'. मला वाटलं, आळशी होती. मावशी म्हणाल्या—

दुरुस्ती: ती निघून गेली नव्हती. तिला या खोलीतून चादरीत गुंडाळून नेलं. आधी मला घाबरवायला नको म्हणून त्या खोटं बोलल्या. सही.

शुक्रवार, १३ तारीख

चौथं गाणं. मिनिटभर खडे चावल्याचा आवाज. पत्रकावर लिहिलं 'निर्दोष'. आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून खोटं लिहिलं, आणि मला हलकं वाटलं.

शनिवार, १४ तारीख

खाली कुणालाच नवीन काही झालं नाही. लंबूने डाव्या हाताने सलाम ठोकला.

नाश्त्याला पावाचा पहिला घास, आणि माझ्या चार दाढा फुटल्या. तोंडात तुकडे. घास मऊ होता.

म्हणजे लिहिलं तर दुसऱ्याचं. नाही लिहिलं तर माझं.

सोमवार, १६ तारीख

पाचवं. 'निर्दोष.'

मंगळवार, १७ तारीख

डाव्या हाताची तीन बोटं. खिडकी आपोआप— नाही. आपोआप की कसं, ते मी पाहिलं नाही. एवढंच की ती उलटी वळली आहेत. उजवा हात शाबूत. लिहिता येतंय.

साहेबांचा निरोप आला. शुक्रवारी, २० तारखेला, छपाई सुरू. दोन हजार प्रती. ऐकलेलं कुणीतरी लिहील, कुणाला तरी सांगेल. दोन हजार घरांत.

मी नोकरी सोडली तर दुसरी ऐकणारी येईल. कदाचित तिलाही खरं तेच लिहायला शिकवलं असेल.

बुधवार, १८ तारीख

सहावं ऐकलं. ढोल थांबतो, बँड थांबतो. अंगाई चालू. आणि हातोडा. सात घाव. पहिले तीन धातूवर, स्वच्छ. पुढचे चार मऊ, ओल्या कशावर तरी—

पत्रक कोरं आहे.

साचा फुटला तर छपाई होणार नाही. हत्यारांच्या कपाटात हातोडा आहे. मावशींना मी हात जोडून उद्या सुट्टी घ्यायला लावली. त्या चिडल्या, म्हणाल्या आधी तुझी बोटं दाखव डॉक्टरला. लंबू दवाखान्यात टाके काढायला जाणार. साहेब अंथरुणावर. सगळ्यांना दोनदा विचारून घेतलं. हॉलमध्ये कुणीही नसेल.

फक्त मी.

अण्णा, पत्रक भरलंय. खाडाखोड नाही. लिहिलंय 'निर्दोष'. तीन घाव साच्यावर, नेमके मधोमध. उरलेले चार मी मोजू शकले तर— अंगाई आत्ताही ऐकू येतेय, हेडफोन तर खुंटीवर—

उद्या. गुरुवार, १९ तारीख, सकाळी सव्वादहा वा—