हिरव्या ठिपक्याची राखण

प्रिय भिंगरी,

भिंतीपलीकडे बसून पत्र लिहिते म्हणून हसू नकोस. सकाळी नऊला तू कानांवर त्या हेडफोनच्या वाट्या चढवतेस त्या सहालाच उतरतात, आणि उतरतात तेव्हा तुझं तोंड पिळून टाकलेल्या फडक्यासारखं झालेलं असतं. त्या तोंडाशी काय बोलायचं? माझी शाळा तिसरीत सुटली, अक्षर वाकडंच येणार. चष्मा लाव आणि वाच.

तुला भिंगरी म्हणायला मीच लागले. तीन वर्षांची होतीस तेव्हा या खोलीतून त्या खोलीत सरळ म्हणून जायची नाहीस, गरगर फिरतच जायचीस. आता खुर्चीला चिकटलीस ती चिकटलीस. ज्यांचं सामान फुटकं पोचलं त्यांच्या फोनवर शिव्या खायच्या, तू न फोडलेल्या वस्तूंची माफी मागायची, आणि एवढं करून कॉम्प्युटरच्या पडद्यावर तुझ्या नावापुढचा तो हिरवा ठिपका पिवळा होऊ द्यायचा नाही. पाच मिनिटं यंत्राला हात लागला नाही की ठिपका पिवळा, आणि ठिपका पिवळा झाला की तुझी मुकादमीण हजर. तू तिला मॅडम म्हणतेस. म्हण बापडी. मी बावीस वर्षं तसलीच एक पाहिलीय, मला वासावरून कळतं.

म्हणून तू मला कामाला लावलंस. तू जेवायला नाहीतर अंघोळीला गेलीस की मी खुर्चीत बसायचं आणि माऊस हलवत राहायचा. साबणाच्या वडीएवढी वस्तू, पण तू दहादा बजावलंस, आजी, हळू हलव, आजी, कुठे दाबू नकोस. पाळण्याची दोरी ओढावी तशी मी ओढत बसायचे. पाळण्यात निदान पोर तरी असतं.

शिलाईच्या कारखान्यात आमच्याकडे ठिपका नव्हता, बिल्ला होता. मुकादमिणीच्या टेबलामागं खिळ्याला पत्र्याचे दोन बिल्ले, आणि बाया साठ. संडासला जायचं तर तो गळ्यात घालून जायचं, म्हणजे कोण उठली ते सगळ्या शेडला दिसावं. मी पाणीच प्यायचे नाही. आठवडाभर बिल्ल्याला हात लावला नाही की मान ताठ करून घरी यायचे, जसं काही बक्षीस लागलंय. लागलं ना, मुतखडा. माझ्या शेजारच्या मशीनवर एक उंच बाई होती, शिडी म्हणायचो तिला. ती रोज दुपारी बिल्ला घ्यायची आणि बाहेरच्या पायरीवर उन्हात दहा मिनिटं नुसती बसायची. ना गप्पा, ना काही. आत येऊन आमच्याइतक्याच कॉलरी लावायची. तिला कामचुकार म्हणणारी पहिली मी. सुट्टीच्या दिवशी तुझी आई जरा आडवी झालेली दिसली की मी म्हणायचे, हातपाय मोडलेत का गं? तेच पुढं तिनं तुला ऐकवलं. आमच्या घरात दागिने काही उतरले नाहीत, हे मात्र बरोब्बर उतरलं.

मग तो सोमवार आला. तू अंघोळीला गेलीस आणि ठिपका अठरा मिनिटं पिवळा राहिला. मुकादमिणीनं तुला पडद्यावर सगळ्यांसमोर झापलं, ताकीद दिली, आणखी एकदा झालं तर घरी बस म्हणाली. घरीच तर बसलीयस, पण ते असो. तू आधी म्हणालीस यंत्र बिघडलं असेल. मग म्हणालीस, नाही, माझंच चुकलं, भर कामात केस धुवायला बसले. त्या दिवसापासून तुझा एक हात ताटात आणि एक माऊसवर. पाणी घोटभर. मला म्हणालीस, आजी, आता तू नाही बसलीस तरी चालेल. मी हूं म्हटलं.

काल तू केस कापून आलीस. कमरेपर्यंतचे केस, धुवायला वेळ जातो म्हणून मानेपर्यंत आणलेस आणि वर म्हणालीस, हलकं वाटतंय. म्हणून हे लिहितेय. त्या सोमवारी यंत्र बिघडलं नव्हतं आणि तुझ्या केसांनीही काही केलं नव्हतं. माझी कंबर भरून आली, म्हणून मी उठले आणि तुझ्या खाटेवर आडवी झाले. यंत्र टुंग टुंग करत होतं, ते मला ऐकू येत होतं. मी उठले नाही. भर दिवसा, काम टाकून, आयुष्यात पहिल्यांदा. इतकं बरं वाटलं की काय सांगू. तुझा नळ बंद झाला तशी लगबगीनं खुर्चीत येऊन बसले, साळसूदासारखी. आणि गप्प का राहिले? तुझ्या नोकरीच्या काळजीनं नाही गं. म्हातारी कामाच्या वेळी झोपली, असं कुणी म्हणेल याची लाज वाटली. मुकादमिणीला हे सांगताही येत नाही, सांगितलं तर माऊस कोण हलवत होतं तेही निघेल. म्हणजे अडकलो दोघीही. पण तू स्वतःला दोष देणं आजपासून बंद. उद्या एक वाजता ऊठ आणि स्वयंपाकघरात बसून जेव. मी खुर्चीत बसते. दमले की हाक मारीन, आणि तुझ्या डोळ्यांदेखत आडवी होईन.

तुझीच, त्या सोमवारची गुन्हेगार,
आजी