टेंभुर्णी ते जालना लाइट रेल

सोमवार, ३ मार्च. सकाळी ६.१०
ठरलं. कंपनीचं एक्स्पान्शन. एकोणीस वर्षं टेंभुर्णी-जालना दोन मिनीबस चालवल्या, आता लाइट रेल. पप्पू पेंटरकडून दोन्ही गाड्यांवर ‘काकासाहेब लाइट रेल अँड मास ट्रान्झिट’ लिहून घेतलं. दैवशाला म्हणाली, अहो, पण रूळ कुठंयत? रूळ काय, नंतरही टाकता येतात. आधी पब्लिकला शिस्त पाहिजे. शुभारंभ पाडव्याला.

बुधवार, ५ मार्च
सरकारी ऑफिसात अर्ज दिला. टपालाच्या टेबलावरच्या बाईंनी पोच दिली. पोच मिळाली म्हणजे निम्मी मंजुरीच. लॅमिनेट करून गाडीत लावली.

शुक्रवार, ७ मार्च
नियम लागू. गाडी फक्त चार स्टेशनांवर थांबेल. कोणी वाटेत हात केला म्हणून ब्रेक मारायचा नाही. दार वीस सेकंदांत बंद. ‘आमचे हे येऊन राह्यले, थांबा जरा’ बिलकुल बंद. ड्रायव्हर वसंता पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आहे. तो म्हणाला, मालक, माणसानं हात केला की पाय आपसूक ब्रेकवर जातो, मी काय करू? त्याच्या पायाला ट्रेनिंग द्यावं लागेल.

मंगळवार, ११ मार्च
ट्रायल रन. मी स्वतः शिट्टी घेऊन पुढे बसलो. झुंबरबाई वांग्यांची पाटी घेऊन बांधावर उभी होती, रोजच्यासारखी. तिनं हात केला, मी शिट्टी मारली. गाडी थांबली नाही. मागून ती जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. जालन्याला तेरा मिनिटं आधी पोचलो. उतरले नऊ. रोज तीस-बत्तीस उतरतात. गर्दी कमी म्हणजे कम्फर्ट जास्त. परदेशात असंच असतं म्हणे.

सोमवार, १७ मार्च
वसंतानं काम सोडलं. म्हणाला, गाडी दिसली की लोक पाठ करून उभे राहून राह्यले, मला बघवत न्हाई. वाईट वाटलं. खरं सांगायचं तर जेवण गेलं नाही. थांब म्हणायला हवं होतं. पण मालकानं असं म्हटलं की स्टाफ डोक्यावर बसतो.

शनिवार, २२ मार्च
वसंतानं जुनी जीप घेतली. कुणीही हात केला की थांबतो. नाही केला तरी विचारतो, येता का. आज माझ्या गाडीत दोघंच, त्यातला एक झोपेत चुकून चढलेला. स्पर्धा आली म्हणजे मार्केट आहे. मी मागे हटणार नाही.

गुरुवार, २७ मार्च
दुसरा ड्रायव्हरही गेला. सर्व्हिस तात्पुरती स्थगित. आमच्या पोराचा, कल्याणचा, पुण्याहून फोन. म्हणे, बाबा, गाड्या विका. त्याला व्हिजन नाही. आईवर गेलाय.

रविवार, ३० मार्च. पाडवा
नारळ फोडला, फीत कापली. टाळ्या दैवशालाच्या. स्टिअरिंगवर स्वतः बसलो. स्टेशन दोन आणि तीनच्या मधोमध इंजिन बंद पडलं. उन्हात पाऊण तास. मंग वसंताची जीप आली आणि थांबली. त्यानं पुढची सीट रिकामी करून दिली. झुंबरबाईनं पाटी माझ्या मांडीवर ठेवली, धरा म्हणाली. बराबर जालन्यापर्यंत धरली. सगळ्यांना स्पष्ट सांगितलं की हे इन्स्पेक्शन आहे. वसंतानं भाडं घेतलं नाही.
हात मी केला नव्हता. घाम पुसत होतो.