काँक्रीटखालचा मुरूम

प्रिय चाचा,

जुन्नरच्या एसटी स्टँडवर बसून लिहितोय. तुमचं घर इथनं पाच मिनिटांवर, पण पाय उचलत नाहीत. चाचींपुढं तोंड उघडायच्या आधी तुम्हाला सांगावं म्हटलं. तुम्हाला सांगणं सोपं, तुम्ही आता शिव्या देऊ शकत नाही!

निरगुडसरच्या शेठचा बंगला आठवतो ना? गेटपासून ओट्यापर्यंतची काँक्रीटची वाट आपण दोघांनी केली, त्याला नऊ वर्षं झाली. तिच्यावर आता शेठना नक्षीच्या टाइल्स हव्यात. काम तुमच्या रफिकनं घेतलंय आणि मी त्याच्या हाताखाली. हो, तुमचा लेक मिस्त्री झालाय! शेठच्या भावाचा नवा बंगलाही त्यालाच मिळणार होता.

काल सकाळी शेवाळ खरवडून वाट धुतली. वरचा माल धरावा म्हणून मी जुन्या काँक्रीटला छिन्नीनं टाचे मारायला बसलो. शेठ खुर्ची टाकून समोरच. रफिक हातोडीनं वाजवत पुढं सरकत होता. टक, टक, टक. चाचा, ओट्याच्या अलीकडं काय वाजेल याची नऊ वर्षं धास्ती होती मला.

ढब!

रफिकनं पुन्हा वाजवलं. पुन्हा ढब. दोन खाटांएवढा भाग खालून पोकळ.

शेठ ताडकन उठले नि शेजारपाजारी ऐकतील असे ओरडले. "मुरूम खचलाय! धुम्मस केलीच नाय तुज्या बापानं. आमाला येडं बनवून गेला व्हय? मंग भावाचा बंगला कसा देऊ तुला?"

रफिकची मान खाली. आणि मी? मी टाचे मारत राहिलो. गेलेला माणूस थोडाच येतोय भांडायला, असं मनात आलं. लिहायला लाज वाटते, पण आलं.

नऊ वर्षांपूर्वी, वाट भरली त्या दिवशी तुम्ही सिमेंट आणायला नारायणगावला गेला होता. मुरूम थराथरानं टाकायचा, पाणी मारायचं, दर थर धुम्मसनं ठोकायचा, एवढं साधं काम. पण शेठच्या टीव्हीवर मॅच लागली होती! मी उरलेला मुरूम एकदम लोटला, वरवर चार ठोके दिले नि खिडकीशी जाऊन उभा राहिलो. आल्यावर तुम्ही विचारलंत, "बबन, थर नीट बसवले?" मी बेधडक म्हटलं, "लई ठोकलंय, चाचा."

आणि तुम्ही मानलंत! दुसऱ्या कुणाचं काम स्वतः बघितल्याशिवाय तुम्ही कधी पुढं गेला नाहीत. मग माझंच का नाही बघितलंत? इतका भरवसा कशाला टाकावा माणसानं? याचा राग येतो मला तुमचा. खरंच येतो.

दुपारी शेठ भावाशी फोनवर बोलायला लागले, "दुसरा मिस्त्री बघ." तेव्हा मात्र हातोडी टाकली आणि ओरडलोच, "शेठ, चाचांना बोल लावू नका! मुरूम मी बसवला नव्हता. त्यांच्याशी खोटं बोललो मी."

शेठनी फोन ठेवला. मग मला म्हणाले, "तू निघ. परत ही पायरी चढू नगं." रफिकला म्हणाले, "तू ऱ्हा. तेवढं फोड नि नीट भर. बंगल्याचं मंग बघू."

मी हत्यारं गोळा केली. रफिक गेटपर्यंत आला. वाटलं, आता कानाखाली काढतोय. काढली असती तर बरं झालं असतं! नऊ वर्षांपूर्वीचं त्यानं काही विचारलंच नाही. एवढंच म्हणाला, "बबनकाका, सकाळी ते अब्बांना बोलत व्हते, तवा तुमी तिथंच व्हता."

मी मान हलवली.

"मला खरं वाटलं व्हतं त्यांचं," तो म्हणाला, आणि वळून कामाला लागला.

चाचा, तुमच्या लेकाला अर्धा दिवस तुम्ही लबाड वाटलात. माझ्यामुळं! मुरुमाची माफी मागता येईल हो, पण या अर्ध्या दिवसाची कुठल्या तोंडानं मागू?

चाचींच्या कानावर काही जायच्या आत आज मी जाऊन सांगणार. त्यांनी दार लावून घेतलं, तरी बाहेर उभा राहून सांगणार. उद्या निरगुडसरला, ज्यानं ज्यानं शेठचं बोलणं ऐकलं त्याच्या दारात जाईन. एकाच्याही मनात तुमच्याबद्दल ते राहू देणार नाही. शब्द देतो. खोट्याचा शब्द आहे, पण या वेळी तपासून बघा.

तुमच्या भरवशाला न जागलेला,
बबन