बाहेरच्या धुराचा बंदोबस्त

४ जानेवारी, सकाळ
आजपासून सिगारेट बंद. हा संकल्प नव्हे, निर्णय आहे.

४ जानेवारी, संध्याकाळ
निर्णय घाईत घेऊ नयेत. दिवसभर दुकानात झेरॉक्सची पावडर नाकात, दारासमोर सिग्नलला उभ्या बसगाड्यांचा धूर छातीत. हे सगळं फुकटात जातंय आणि मी विकतची तेवढी सोडायची? आधी मोठा शत्रू, मग धाकटा.

९ जानेवारी
लेकीचा फोन. बाबा, पाकिटावर काय छापलंय ते तरी वाचा, म्हणाली. मी म्हटलं, बसवर काहीच छापत नाहीत, तिथंच लोक फसतात. तिनं फोन ठेवला. उत्तर नसलं की असंच होतं.

१७ जानेवारी
हिचा खोकला वाढलाय. कारणं उघड आहेत. तळणाचा धूर, डासांची कॉइल आणि रस्ता. तळण बंद, कॉइल बंद, असं हिला सांगून टाकलं. रस्त्याचं मी बघतो.

१९ जानेवारी
रस्त्याकडच्या खिडक्या लावून फटींवर टेप मारली. आता बाहेरचा एक कण आत येणार नाही. घामाघूम झालो. मग खुर्चीत बसून निवांत दोन ओढल्या.

२ फेब्रुवारी
मेहुणा आला. दारातच थबकला. भाऊजी, इथं श्वास कसा घेता, म्हणाला. नाकानं, म्हटलं. हसला नाही. ताईला चार दिवस घेऊन जातो म्हणाला. एवढा बंदोबस्त केल्यावर? नाही पाठवली.

११ फेब्रुवारी
हिनं टेप ओरबाडून काढली. तुझ्या छातीसाठीच जिवाचं रान करतोय, म्हटलं. मग बाहेर जाऊन ओढा, म्हणाली. त्या बसच्या धुरात? उद्या मला काही झालं म्हणजे?
टेप परत मारली.

२० फेब्रुवारी
दोघांचे एक्स-रे. माझा स्वच्छ! लेकीला लगेच कळवलं. हिच्या डाव्या फुप्फुसावर डाग आहे. रस्ता. मी आधीपासून ओरडतोय.

६ मार्च
तुकडा काढून तपासला होता. कॅन्सर.
डॉक्टर नवीन. फाइलमधून मान वर न करता हिला विचारलं, किती वर्षं ओढताय? बसगाड्यांचं सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, तोवर हीच बोलली.
"तेहेतीस. लग्न झाल्यापासून. ओढतात हे. मी नुसता श्वास घेते."
डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. सांगायचं ते मग सगळं हिलाच सांगितलं.

८ मार्च
मेहुणा हिला घेऊन गेला. उपचार तिकडूनच करणार. बॅग उचलायला गेलो तर, राहू दे, म्हणाली. तरी खाली गेलो. गाडीपाशी उभा राहिलो, निघताना काहीतरी बोलेल म्हणून. तिनं भावाला काच वर करायला सांगितली.
माझ्या हातात पेटलेली सिगारेट आहे, हे मला तेव्हा दिसलं.